गोधडीत शिवलेले रेशीम

लिहिणाऱ्यांच्या पंगतीत न बोलावता येऊन बसते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. पस्तीस वर्षे मी शाळेत मुलींचे निबंध तपासले. कोणाचे वाक्य लांबले, कोणाचे अर्धवट राहिले, हे लाल शाईने दाखवून दिले. पण स्वतः एक निबंधही कधी लिहिला नाही. चारचौघांत बोलायचीसुद्धा मला भीती वाटे. आता सत्तरी उलटल्यावर हे धाडस करते आहे, त्याला कारण एवढेच की, जे सांगणार आहे ते त्या दिवशी खोलीतल्या माणसांपैकी बहुधा मी एकटीनेच पुरते पाहिले होते. मी सांगितले नाही, तर ते झालेच नाही असे होईल. भाषेत काही उणे-अधिक आढळल्यास ते माझ्या उशिराच्या सुरुवातीचे समजावे.

माझे वडील शेवगावात तेलाच्या इंजिनांची दुरुस्ती करीत. आसपासच्या गावांतल्या विहिरींवरची इंजिने बैलगाडीत घालून आमच्या दारात येत आणि वडील ती उघडून अंगणभर पसरून ठेवत. हे कसब ते महायुद्धात शिकले होते. तरुणपणी हवाई दलात फिटर म्हणून भरती होऊन ते कलकत्त्याहून बोटीने आराकानच्या किनाऱ्यावर गेले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दोन वर्षे राहिले. या दोन वर्षांविषयी आमच्या घरात बोलणे नव्हते. त्या काळातली एक पत्र्याची पेटी होती. ती माळ्यावर असे आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आवरासावरीत, आई ती खाली काढून पुसून पुन्हा वर ठेवी.

वडिलांच्या दोन गोष्टी मला लहानपणी समजत नसत. सातवी पास झालेला, यंत्रांचे इंग्रजी कागद वाचू शकणारा हा माणूस माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करीत नसे; अंगठा उठवीत असे. एकदा आमच्या मुख्याध्यापकांनी सर्वांदेखत विचारले, "काय हो, मुलगी पहिली येते आणि बाप अंगठेबहाद्दर कसा?" वडील हसले आणि अंगठ्याची शाई धोतराला पुसत निघून आले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले होते.

दुसरी गोष्ट त्यांच्या गोधडीची. ते लढाईहून परतले त्या वर्षी आईने शिवलेली ती गोधडी होती. तिच्यावर ठिगळांवर ठिगळे चढली, तरी उन्हाळ्या-पावसाळ्यात त्यांना दुसरे पांघरूण चालत नसे. घट बसण्याआधी सारे अंथरूण-पांघरूण ओढ्यावर धुवायला जाई, त्या दिवशी वडील काम बंद ठेवीत आणि गोधडी वाळेपर्यंत काठावर बसून राहत. "कोन पळवतंय का तिला?" आई विचारी. ते उठून गोधडीची ओली बाजू उन्हाकडे करीत.

एकाहत्तरच्या डिसेंबरात बांगलादेशचे युद्ध झाले. संध्याकाळी शेजारी आमच्याकडे रेडिओ ऐकायला जमत. आपली किती विमाने गेली आणि किती परत आली, हे निवेदक सांगू लागला की वडील ताटावरून उठत. युद्ध जिंकल्याचे पेढे वाटले गेले, तेव्हाही ते घरात नव्हते. पुढे नगरला जुन्या सैनिकांचा सत्कार झाला. त्यांना बोलावणे होते. ते गेले नाहीत. मात्र त्यांचे नाव, गाव आणि ते कोणत्या तुकडीत होते, हे तिथे सर्वांसमोर वाचून दाखवण्यात आले. त्यानंतरच्या वैशाखात एका सकाळी त्यांच्या अंगावरून वारे गेले. उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला.

ते बहात्तर साल होते. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. पितृपक्षातल्या एकादशीला मी शाळेतून घरी आले, तो ओसरीवर एक अनोळखी बाई पाय पोटाशी घेऊन बसली होती. पंचेचाळिशीच्या आसपासची, जुने लुगडे, कपाळभर कुंकू. दुष्काळी कामावर खडी फोडून तिची बोटे सोलवटली होती.

"मास्तरीनबाई तुमीच का?" तिने विचारले.

"हो. आपण कोण?"

"आपन-बिपन नका म्हनू, लाज वाटती. मी काष्टीची. तुमच्या वडलांसंगं माझं मालक हुतं. कलकत्त्याहून बोटीनं गेलं, ब्रह्मदेशात. इमानात बसायचं."

काष्टी श्रीगोंद्याच्या बाजूला. आमच्यापासून पुष्कळ लांब. ती पहाटे निघून नगरला गाडी बदलून आली होती. नगरच्या सत्कारात तिचा दीर हजर होता आणि वडिलांचे नाव व तुकडी त्याने ऐकली होती. आपला भाऊ त्याच तुकडीत होता, हे त्याला ठाऊक होते; पण घरी त्याने ते फार उशिरा, भांडणाच्या भरात सांगितले.

भांडणाचे कारण तिने आईला आणि मला तिथेच सांगितले. तिचे यजमान विमानात मागच्या आसनावर बंदूक घेऊन बसत. एके दिवशी त्यांचे विमान गेले ते परतलेच नाही. सरकारचा कागद आला. त्यात 'बेपत्ता' एवढेच होते. पुढे 'मृत समजावे' असाही एक कागद आला म्हणतात, पण तो सासऱ्यांनी तिला कधी वाचून दाखवला नाही, आणि सासरे गेले. ज्याचा देह मिळत नाही, त्याचा दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देण्याची आपल्याकडे रीत आहे. दिराने येत्या सर्वपित्री अमावस्येला तो विधी करायचे ठरवले होते. पुतळ्याला अग्नी दिला की त्याच दिवशी तिचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या.

"इतक्या वर्षांनी?" मी विचारले.

"मग! दोन वरसं पाऊस न्हाई, दिराचा नातू तापानं गेला, म्हस गाभडली. देवरुषी म्हनला, घरातल्या मानसाची क्रिया ऱ्हायलीय, त्यो अडून बसलाय. म्हंजे बगा, आभाळातनं पानी पडंना, त्याला माझं कुंकू आडवं आलंय!" आणि ती खरोखर हसली. आईनेही तोंडाला पदर लावला.

मग ती एकाएकी गंभीर झाली. "मेलं असतील तर जाळा म्हनते मी. माझं काय म्हननं न्हाई. मी सोता बांगड्या फोडते. पन कुनी तरी बगितलेलं पायजे का न्हाई? सापडलं न्हाईत म्हंजे मेलं व्हय? आमची शेळी सापडली न्हाई तर आमी तिला हुडकायला जातो, तिचं तेरावं घालीत न्हाई. भाऊंनी एकडाव सांगावं, 'मी बगितलं, मेला' म्हनून. न्हाईतर 'न्हाई बगितलं' म्हनून. दोन्हीतलं कायबी सांगू द्या. अमूशाच्या आत मला उत्तर पायजे."

आईने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. शेवटी आईलाच बोलावे लागले. "बाई, त्यांच्या अंगावरनं वारं गेलंय. चार म्हैनं झालं. बोलत न्हाईत ते."

तिने हे ऐकले आणि पदर सावरून उठली. मग म्हणाली, "ऐकू तर येतं ना?"

ती राहिली. आईने तिला जा म्हटले नाही आणि तीही गेली नाही. आलेल्या दिवसापासून वडिलांच्या खाटेशी बसून ती एकच प्रश्न विचारी. "भाऊ, मी काष्टीची. मालक मेलं का जित्तं हायेत? मान हालवा." वडील मान हलवीत. "मेलं?" मान हलवीत. "मंग जित्तं हायेत?" पुन्हा तशीच मान. त्यांचे तसेच होते. जेवलात का म्हटले तरी ती मान, तहान लागली का म्हटले तरी तीच. त्यांना किती समजते हे डॉक्टरांनाही निश्चित सांगता आले नव्हते. मी शाळेतली पाटी आणून त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. त्यांनी एक रेघ ओढली, ती पाटीच्या बाहेर गेली, आणि पेन्सिल खाली पडली.

द्वादशीला तिने पेटी काढायला लावली. माळ्यावरून ती मीच उतरवली. आतून एकेक वस्तू काढून ती वडिलांच्या डोळ्यांपुढे धरू लागली. विमानाच्या फुटक्या खिडकीच्या तुकड्यातून कानशीने घासून केलेला पोपट. ब्रह्मी लाखेचा डबा. बांबूचा कंगवा. एक पाना, ज्याच्या दांड्यावर इंग्रजी आकडे ठोकलेले होते. प्रत्येक वस्तूपाशी वडील डोळे मिटून घेत. तळाशी एक छायाचित्र होते. विमानाच्या पंख्यासमोर आठ तरुण. पुढे उकिडवे बसलेले दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. त्यांतले एक माझे वडील.

"दुसरं ह्ये," ती म्हणाली आणि छायाचित्र तिने खिडकीशी नेले. "ताई, खरं सांगू का? मला तोंड आठवत नव्हतं. तेराव्या वर्षी लगीन झालं. पुढं दोनदा सुट्टीला आलं तवा मी लाजून बगितलं न्हाई नीट. एवढी वरसं कुनाच्या नावानं कुंकू लावत हुते, ते आज दिसलं." आणि थोड्या वेळाने, "दात बगा कसं हायेत. फावड्यावानी," असे म्हणून ती हसू लागली, आणि त्या हसण्यातच तिला रडू फुटले. मला काही बोलावेसे वाटले.  मी पेटीतल्या वस्तू पुन्हा पुन्हा नीट लावीत बसले.

त्याच संध्याकाळी ती पाण्याच्या रांगेत घागर घेऊन गेली असता आईने मला चुलीशी बोलावले. आईचा आवाज खाली गेला होता.

"तुला एक सांगते. हिच्या म्होरं बोलू नको. लढाईवरनं आल्यावर ह्यांना हिवताप भरला हुता. तापात बडबडायचे, 'सही माझी हाय, सही माझी हाय.' उतरल्यावर मी इचारलं, तवा एकदाच सांगितलं. इमान वर जायच्या आधी फिटर कागदावर सही करतो, इंजिन ठीक हाय म्हनून. त्या काष्टीवाल्याच्या इमानाची सही ह्यांची हुती. इंजिन वरच बंद पडलं का गोळी लागली, ते देवाला ठावं. पन त्या दिवसापासनं ह्या मानसानं कागदाला सही केली न्हाई."

 प्रगतिपुस्तकावरचे ते सारे अंगठे डोळ्यांपुढून गेले आणि त्यांची लाज वाटलेली मीही दिसले.

"तिला हे कळलं, तर ती ह्यांच्या नरड्याला हात घालंल," आई म्हणाली. "घातला तरी तिची चूक न्हाई. पन ह्यांना आता तेवढं सोसायचं न्हाई. तू काय बोलू नको."

मी कबूल केले. न बोलणे मला नेहमीच सोपे गेले आहे.

त्रयोदशीला वडील सकाळपासून अस्वस्थ होते. डाव्या हाताने गोधडीचे एक टोक धरून ते ओढत आणि सोडत, पुन्हा ओढत. थंडी वाजते असे समजून मी ती त्यांच्या छातीपर्यंत सारली. त्यांनी ती ढकलली. उकडते असे समजून काढून घेतली; तेव्हा त्यांच्या घशातून असा आवाज निघाला की मी घाबरून ती परत ठेवली. काष्टीच्या बाई हे सारे पाहत होत्या.

"गोधडीत काय हाय, वैनी?" त्यांनी आईला विचारले.

"काय असनार? माझी जुनी लुगडी, ह्यांची धोतरं..." आई बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा उतरला. "अगं बाई. ते कापड."

मग आईने जे सांगितले, ते तिने आजवर कधी आठवलेही नव्हते. तिच्या लेखी त्यात आठवण्याजोगे काही नव्हतेच. वडील परत आले, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक रेशमी कापड काढून तिच्या हातात दिले. "हे काष्टीवाल्याचं हाय. पोचवायचंय. सांभाळून ठेव," असे म्हणून ते तापाने आडवे झाले. आई तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, निरक्षर. घरात उंदीर, छपराला गळती. आमच्याकडे जपायचे कापड बायका कुठे जपतात? गोधडीच्या पोटात. वरून जुन्या लुगड्याचा पदर, खालून धोतर, मध्ये ते कापड आणि चारी बाजूंनी टाके. तिथे उंदराचे दात पोचत नाहीत. आणि मळके कापड गोधडीत घालू नये, असा सासूचा दंडक, म्हणून आईने आधी ते धुतले.

"त्याच्यावर जांभळं डाग हुतं," आई म्हणाली. "लई चिवट. रिठ्याच्या पान्यात रातभर भिजवलं आन् सकाळी घासघासून काढलं. ताप उतरल्यावर ह्यांनी कापड मागितलं. मी म्हनलं, धुऊन गोधडीत शिवलंय, डाग पार काढलं बगा. तवा ते माझ्या तोंडाकडं बगत बसलं."

जांभळा डाग म्हणजे काय, हे मला लगेच उमगले. युद्धावरचे लोक ज्या पेन्सिलीने लिहीत, तिचे अक्षर ओले झाले की जांभळे होते. तो डाग नव्हता. ते पत्र होते. मी हे मोठ्याने म्हणाले की काय कोण जाणे, पण आईने दोन्ही हातांनी कपाळ धरले. काष्टीच्या बाई मात्र तिच्यावर ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "उसवा."

आम्ही तिघींनी मिळून ती गोधडी उसवली. मी ब्लेडने टाके कापत गेले, आई दोरे ओढत गेली. ठिगळांचे थर एकामागून एक निघाले. माझ्या लहानपणीचा एक परकरही त्यात सापडला. सर्वांत आत ते रेशीम होते. पिवळसर पांढरे, पंचापेक्षा थोडे लहान आणि इतके मऊ की माझ्या खरखरीत बोटांना ते अडकले. त्यावर नकाशा छापलेला होता: तपकिरी डोंगर, निळ्या नद्या आणि बारीक इंग्रजी अक्षरांत गावांची नावे. विमान शत्रूच्या मुलखात पडले, तर चालत परत येण्याची वाट सापडावी, म्हणून उडणाऱ्या प्रत्येकाला असा कापडी नकाशा देत असत. कारखान्यात छापलेली शाई तशीच्या तशी होती. समासात, जिथे हाताने लिहिलेले असावे, तिथे फिकट जांभळी सावली तेवढी उरली होती. मी कापड उजेडात धरले, तिरके धरले, उलटे धरले. एक काना दिसल्यासारखा वाटला. बाकी काही नाही.

"वाचा," काष्टीच्या बाई म्हणाल्या.

"मावशी, अक्षर राहिलेले नाही."

"तुमी शिकलेल्या. वाचा."

"खरंच काही राहिले नाही. गावांची नावे आहेत फक्त."

"मंग ती वाचा."

मी ती वाचली. परक्या भाषेतली नावे, माझे उच्चार बरोबर की चूक, मलाही माहीत नव्हते. प्रत्येक नावापाशी त्या ओठ हलवीत. मग त्यांनी कापड नाकाशी धरले आणि ते घेऊन दाराशी, जिथे जास्त उजेड होता तिथे गेल्या. आमच्याकडे त्यांची पाठ झाली. आई उसवलेल्या चिंध्या गोळा करीत होती.

त्याच वेळी वडिलांनी माझ्या मनगटाला हात लावला. त्यांचे डोळे स्वच्छ होते. इतके स्वच्छ ते चार महिन्यांत नव्हते. त्यांनी डावा हात पालथा केला आणि खाटेच्या कडेवरून तो हळूहळू पुढे सरकवला, विमान सरकावे तसा. मध्येच हात थरथरला, एका बाजूला कलला आणि मूठ होऊन खाटेवर आदळला. तसाच राहिला. मग मुठीतून त्यांनी दोन बोटे वर केली, दोन माणसे, आणि ती दोन्ही बोटे माझ्याकडे पाहत पाहत आडवी केली. ती पुन्हा उचलली नाहीत.

ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. धावपट्टीवरून दिसेल इतक्या जवळ समुद्रात पडले असेल ते विमान; म्हणूनच देह मिळाले नसतील आणि कागदावर 'बेपत्ता' आले असेल. त्या बाई काष्टीहून ज्या उत्तरासाठी आल्या होत्या, ते उत्तर माझ्यासमोर, खाटेवर, आडवे पडले होते.

"काय म्हंत्यात भाऊ?" दारातून त्यांनी मागे वळून विचारले. त्यांना हाताची हालचाल अर्धवट दिसली असावी.

आई माझ्याकडे पाहू लागली. मला आठवते, माझ्या तोंडात शब्द आला होता. पण त्या शब्दामागून दुसरा प्रश्न येणार होता: कसे मेले? आणि त्यामागून तिसरा. त्या प्रश्नांच्या शेवटी माझ्या वडिलांची सही होती.

"काही नाही," मी म्हणाले. "त्यांना तहान लागली आहे."

आणि ते खरे वाटावे म्हणून मी उठले, फुलपात्रात पाणी घेतले आणि वडिलांच्या ओठांना लावले. त्यांनी ओठ उघडले नाहीत. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यावरून उशीवर गेले. घोटभर पाण्यासाठी लोक कोसभर चालत होते, त्या दिवसांत मी ते फुलपात्र रिकामे होईपर्यंत धरून ठेवले. वडिलांनी माझ्यावरून नजर काढली आणि भिंतीकडे तोंड फिरवले. त्यानंतर ते पौषापर्यंत जगले. पण डाव्या हाताने मला काही सांगायचा त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही.

काष्टीच्या बाई त्या रात्री जेवल्या. आल्यापासून प्रथमच पोटभर जेवल्या. जेवताना त्या शांतपणे म्हणाल्या, "मला कळलं आता. वाट दावनारं कापड त्यांनी मागं ठिवलं. मला द्यायला म्हनून ठिवलं. आन् आपन बिनवाटंचं गेलं. म्हनून यायला जमलं न्हाई त्यांना."

आई घास हातात धरून बसली. मी म्हणायला हवे होते की, मावशी, असे नसते. अठ्ठावीस वर्षांत माणूस विचारत विचारतही घरी येतो. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

चतुर्दशीला पहाटे त्या निघाल्या. नकाशा घडी करून त्यांनी चोळीत ठेवला; तो त्यांचाच होता. आईच्या पाया पडल्या. आईने त्यांना कुंकू लावले. मी स्टँडपर्यंत पोचवायला गेले. वाटेत त्यांनी त्या नावांपैकी पाच-सहा म्हणून दाखवली आणि विचारले, "बरूबर हायेत का?" माझ्या चुकीच्या उच्चारांसकट ती त्यांना पाठ झाली होती. मी हो म्हणाले. गाडी निघताना खिडकीतून त्या म्हणाल्या, "पानी पाजा भाऊंना. तहान लागती त्यांना."

दिवाळीनंतर त्यांचा दीर आमच्याकडे आला. मी मनात एक उग्र माणूस उभा केला होता; आला तो वाळलेला, मुंडासे हातात घेऊन दारातच उभा राहिलेला म्हातारा. त्याने खाटेवर निजलेल्या वडिलांकडे एकदा पाहिले आणि विचारले, "वैनी हितं हाय का?"

त्या घरी पोचल्याच नव्हत्या. चतुर्दशीच्या दुपारी गावच्या एकाने त्यांना दौंडच्या स्टेशनात पाहिले होते. काष्टीला न उतरता त्या पुढे गेल्या होत्या आणि कलकत्त्याची गाडी कुठे लागते, असे हमालांना विचारीत होत्या. त्यापलीकडे कोणाला काही माहीत नव्हते. दीर दौंडला, मनमाडला, पुढे नागपूरपर्यंत जाऊन आला होता.

"आमी तिला छळलं न्हाई हो," तो म्हणाला. "नातू गेला. कुनी कायबी सांगितलं तर करायला लागतो मानूस. अमूशाला पुतळा जाळला, ती नसताना. भावाचं केलं. आता लोक इचारत्यात, वैनीचं कवा करनार? बारा वरसं वाट बगायची असती म्हनं. मी काय बारा वरसं जगतोय?" मग त्याने मला विचारले, "तुमी शिकलेल्या हायसा. जाताना तुमाला काय बोलली का? भाऊंनी तिला काय सांगितलं का?"

आई आत निघून गेली. वडील डोळे उघडून छताकडे पाहत होते.

"नाही," मी म्हणाले.

तो पाणी न पिता गेला. नंतर कधी कोणी आले नाही, पत्रही आले नाही. आईने शेवटपर्यंत या विषयाचा उच्चार केला नाही. वडिलांच्या हाताची ती हालचाल तिने पाहिली होती की नाही, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही. सांगितले असते तर त्या बाई दुसऱ्या दिवशी घरी पोचल्या असत्या, अमावस्येला त्यांनी स्वतःच्या हाताने बांगड्या फोडल्या असत्या, आणि काष्टीत विधवा म्हणून का होईना, जगल्या असत्या. आणि माझ्या वडिलांना मरण्याआधी त्यांचे शाप ऐकावे लागले असते. किंवा कदाचित लागलेही नसते. मी हे पुष्कळदा मांडून पाहिले आहे. मला एकटीला ते सुटत नाही, म्हणून तुम्हाला विचारते.

माझ्या जागी तुम्ही असता, तर सांगितले असते का?